लेहहून मरखा खोरं आणि खारदुंग ला: सायकल व ट्रेक एकाच सुट्टीत

लडाखला सायकलवर जाणारे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, ट्रेकला जाणारे त्याहून जास्त. दोन्ही एकाच सुट्टीत जमवायचं म्हटलं की बऱ्याच जणांचं गणित क्रमात चुकतं. विमानाने लेहला उतरायचं, तिसऱ्या दिवशी जीपने खारदुंग लाच्या ('ला' म्हणजे खिंड) माथ्यावर जाऊन सायकलने खाली घरंगळत यायचं आणि मग ट्रेकला निघायचं, अशी आखणी सर्रास दिसते. शरीराच्या दृष्टीने ती उलटी आहे. सगळ्यात उंच जागा सगळ्यात आधी, तीही गाडीत बसून, आणि वर ब्रेक धरून हात आखडवणारा उतार.

मी सुचवतो तो क्रम असा: आधी सिंधूच्या काठाने खालच्या उंचीवर सायकल, मग मरखा खोऱ्यातून पायी हळूहळू वर चढत कोंगमारू ला, आणि उंचीला सरावलेल्या शरीराने शेवटी खारदुंग ला सायकलवर. एकूण सतरा दिवस. शनिवारी सकाळी लेहला उतरलात तर तिसऱ्या सोमवारी परतीच्या विमानात बसाल. म्हणजे दोन आठवड्यांची रजा आणि वर एक दिवस. यातला एकही दिवस वाचवायच्या भानगडीत पडू नका.

क्रम हाच का

लेह ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. खारदुंग लाच्या माथ्यावर तो निम्म्याच्या जरासाच वर उरतो. शरीर ही उणीव भरून काढतं, पण आपल्या वेळेने. श्वास लगेच वाढतो, मूत्रपिंडांना रक्ताचा तोल सावरायला काही दिवस लागतात, तांबड्या पेशी वाढायला आठवडे. म्हणूनच डॉक्टर सांगतात की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा. मुंबई-पुण्याहून विमानाने लेहला उतरणारा माणूस हा नियम पहिल्याच सकाळी मोडतो. त्याची भरपाई पुढच्या दिवसांत करावी लागते.

सिंधूचं खोरं इथे फार उपयोगी पडतं. लेहच्या पश्चिमेला नदीबरोबर जाल तसं खोरं खाली उतरत जातं. निम्मू आणि आल्ची ही गावं लेहपेक्षा तीन-चारशे मीटर खाली आहेत. म्हणजे दिवसा पायांना काम मिळतं आणि रात्री लेहपेक्षा चांगली झोप लागते. त्यानंतर मरखात रोज थोडी थोडी उंची मिळते. चालताना दम लागला की माणूस आपोआप थांबतो. चढावर सायकल चालवताना मात्र तो पेटून जोर लावत राहतो, आणि न सरावलेल्या शरीराने केलेले जोरकस श्रम हे फुप्फुसात पाणी होण्याचं एक कारण आहे. म्हणून सगळ्यात कठीण सायकलिंग शेवटी.

कधी जावं

जूनचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य. त्यातही माझी पसंती ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून पुढच्या तीन आठवड्यांना. मरखा नदी बर्फाच्या पाण्यावर चालते. जुलैत ती दुपारी फुगते, सप्टेंबरात ओसरते. हवा स्वच्छ होते, शेतात जव कापणीला आलेलं असतं. रात्री मात्र बोचऱ्या होतात. ट्रेकच्या शेवटच्या मुक्कामी, ४,७०० मीटरवरच्या निमालिंगला, ऑगस्टमध्येसुद्धा पारा शून्याखाली जातो.

लडाखला पाऊस नाही, असं गृहीत धरू नका. ५-६ ऑगस्ट २०१०च्या रात्री लेहमध्ये ढगफुटी झाली आणि शेकडो माणसं दगावली. डोंगर उघडेबोडके, माती धरून ठेवायला झाडं नाहीत, त्यामुळे थोड्या पावसातही नाल्यांतून चिखल आणि दगड वाहत येतात. कोरड्या नाल्याच्या पात्रात तंबू कधीही लावायचा नाही, जागा कितीही सपाट दिसो.

घरची तयारी

सह्याद्रीत उंचीचा सराव होत नाही. कळसूबाई १,६४६ मीटरवर संपतं. पण खोगिरावर तासन्‌तास बसायची सवय आणि सायकलवरून उतरून लगेच चालायची सवय, या दोन्ही गोष्टी इथे उत्तम होतात. पुणेकरांना यासाठी सिंहगडासारखी दुसरी जागा नाही. पहाटे सायकलने पायथ्याचं आतकरवाडी गाठा, सायकल कुलपात ठेवा, पाठीवर सहा-सात किलोची सॅक घेऊन पायवाटेने गड चढा, उतरा आणि सायकलने घरी या. पहिल्यांदा उतरताना मांड्या थरथरतील. सायकलिंगने मांडीचे पुढचे स्नायू आणि कंबरेजवळचे स्नायू आखडतात आणि उतारावर सगळा भार त्यांच्यावरच येतो. हीच अडचण कोंगमारू लावरून उतरताना येणार आहे, तीही तब्बल १,५०० मीटरच्या उतारावर. आठवड्यातून एकदा हा जोडसराव, असं तीन महिने करा. वाईकडच्यांना पसरणी घाट आहे, महाडकडच्यांना वरंध. लांब आणि सलग चढ हवा, एवढंच.

निघण्याआधी डॉक्टरांना भेटा. रक्तदाब, दमा, हृदयविकार, मधुमेह यांपैकी काही असेल तर ही भेट टाळण्याजोगी नाही. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या औषधाबद्दल त्यांच्याशी बोला. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देतात आणि ती चढाईच्या आदल्या दिवशी सुरू करतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. या गोळीने लघवी वाढते आणि हातापायाच्या बोटांना मुंग्या येतात. सायकलवाल्यांचा इथे गोंधळ होतो, कारण हँडलवर रेलून बसल्यानेही बोटं बधिर होतात. फरक असा की हँडलमुळे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, हाताची पकड बदलली की ते कमी होतं. गोळीच्या मुंग्या सगळ्या बोटांत, कधी ओठांभोवतीही येतात आणि पकड बदलून जात नाहीत.

सायकल न्यावी की भाड्याने घ्यावी

या आखणीसाठी लेहमध्ये भाड्याने घ्या, असं मी सांगेन. मधले पाच-सहा दिवस तुम्ही ट्रेकवर असणार आणि स्वतःची सायकल तेवढा काळ सांभाळायला ठेवावी लागणार. शिवाय विमानात खोका, वजनाचे पैसे, आणि उतरल्यावर दमलेल्या अंगाने जोडणी. लेहच्या बाजारात माउंटन बाइक भाड्याने देणारी बरीच दुकानं आहेत. पण घेताना घाई करू नका. पोहोचल्यावरचे दोन दिवस तसेही रिकामेच आहेत.

दुकानात एवढं बघा. पुढची सगळ्यात लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी चकती यांचे दात मोजा. मागचे दात पुढच्यापेक्षा जास्त हवेत, म्हणजे पुढे २२ ते २८ आणि मागे ३४ किंवा त्याहून जास्त. नाहीतर खारदुंगचा चढ गुडघ्यांवर येईल. डिस्क ब्रेकचे पॅड बाहेर काढून पाहायला सांगा आणि जाडी अर्ध्यावर आली असेल तर नवे बसवून घ्या. टायर किमान दोन इंच रुंद हवं. चढावरच्या गिअरमध्ये साखळी घसरते का, हे चढावरच कळतं, म्हणून लेहमधल्याच चांगस्पाच्या चढावर एक फेरी मारून या. घरून नेण्यासारख्या वस्तू म्हणजे हेल्मेट, गादीची चड्डी, हातमोजे आणि जमलं तर स्वतःचं खोगीर. अनोळखी खोगिरावर सत्तर किलोमीटर बसणं फार त्रासाचं होतं. पेडल साधीच ठेवा. त्याच बुटांनी चालताही येतं आणि बुटांचा एक जोड कमी लागतो.

दुरुस्तीच्या पिशवीत दोन जास्तीच्या ट्यूब, ठिगळं, पंप, मल्टिटूल, साखळीची जोडकडी आणि गिअरचा हँगर (मागचा गिअर सायकलला जोडणारा छोटा तुकडा) असू द्या. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि तो वाकला की सायकल जागेवरच थांबते. तेव्हा भाड्याच्या सायकलला बसणारा हँगर दुकानातूनच मागून घ्या. कार्बन डायऑक्साइडची नळकांडी विमानात नेऊ नका. पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवा.

सामानाच्या तीन वाटण्या

सगळं एका सॅकमध्ये कोंबलं की रोज उपसावं लागतं. घरूनच तीन पिशव्या करा. पहिली सायकलच्या कॅरिअरवर बसेल अशी, कपड्यांचा एक जोड, पावसाळी जॅकेट, दुरुस्ती आणि खाऊ एवढंच मावेल इतकी लहान. दुसरी ट्रेकची सॅक, जी तुम्ही सायकलवर असताना लेहच्या मुक्कामी राहील आणि सायकल सोडून ट्रेक सुरू होतो त्या चिलिंग गावाला गाडीने येईल. तिसरी हॉटेलात ठेवायची.

ट्रेकच्या सॅकमध्ये उणे दहापर्यंत चालेल अशी स्लीपिंग बॅग, पिसांचं जॅकेट, लोकरी टोपी, दोन काठ्या आणि पाण्यात उतरायला मागे पट्टा असलेले फ्लोटर्स. फ्लोटर्स विसरू नका. मरखा नदी बऱ्याचदा ओलांडावी लागते. बूट घालून उतरलात तर ते दिवसभर ओले राहतात आणि अनवाणी उतरलात तर दगड घात करतात. गॉगल, जास्त संरक्षणाचं सनस्क्रीन, ओठांना व्हॅसलीन आणि नाकातोंडावर बांधायला बफ या चार गोष्टी सायकलवर आणि ट्रेकवर, दोन्हीकडे लागतात. कोरड्या हवेत नाकातून थोडं रक्त येतं. नाकपुडीला आतून व्हॅसलीन लावलं की थांबतं.

खाण्याचं आवर्जून सांगतो, कारण उंचीवर भूक मरते आणि गोड चॉकलेटं तिसऱ्या दिवशी नकोशी होतात. मेतकूट घ्या. होमस्टेतल्या गरम भातावर तूप किंवा लोणी आणि चमचाभर मेतकूट पडलं की बंद झालेली भूक उघडते. लिंबाचं लोणचं, आवळा सुपारी, शेंगदाण्याची चिक्की, कमी तिखट भडंग हेही चालतं. शेंगदाणे आणि गूळ सायकलवर सगळ्यात कामाचे. थंडीत दगड होत नाहीत आणि हातमोजे काढायला लागत नाहीत.

कागदपत्रं, पैसे आणि फोन

खारदुंग लाच्या पलीकडच्या नुब्रा खोऱ्यासाठी भारतीयांना लागणारा इनर लाइन परवाना २०२१ मध्ये रद्द झाला. पर्यावरण शुल्क मात्र भरावं लागतं. त्याची पावती आणि ओळखपत्राच्या दोन-तीन छायाप्रती जवळ ठेवा. मरखा खोरं हेमिस राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथलं प्रवेशशुल्क वेगळं. सध्याचे नियम लेहला पोहोचल्यावर हॉटेलात विचारून खात्री करा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घेऊन जा. मरखात तेही बहुतेक ठिकाणी मुकं होतं. आणि एक गंभीर गोष्ट: सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परवान्याशिवाय भारतात बाळगणं बेकायदा आहे. परदेशात राहणारे आपले लोक असं यंत्र सवयीने सॅकला अडकवून येतात, आणि विमानतळावर ते सापडलं तर प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. रोख पैसे लेहमध्येच काढा. विम्याचा कागद वाचा. बऱ्याच पॉलिसी ठराविक उंचीपर्यंतच लागू होतात आणि इथे तुम्ही ५,००० मीटरच्या वर तीनदा जाणार आहात, त्यात शेवटी एकदा गाडीने.

पहिला ते तिसरा दिवस: लेह

पहिल्या दिवशी काही करायचं नाही. झोपून राहायचं असंही नाही. खोलीत, गच्चीवर, अंगणात हळू वावरायचं, पाणी आणि सूप प्यायचं. बरं वाटतं म्हणून बाजारात जायचा मोह होतो, आणि डोकेदुखी येते ती संध्याकाळी किंवा रात्री. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. दुसऱ्या दिवशी बाजार, सायकलीचं दुकान आणि मावळतीला शांतिस्तूपापर्यंत सावकाश चाल. पायऱ्या चढताना शेजारच्याशी बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, हे माप पुढचे सगळे दिवस लक्षात ठेवा.

तिसऱ्या दिवशी सायकलने शे आणि ठिकसे ही गावं. ठिकसे लेहपासून १९ किलोमीटरवर आहे. जाताना चोगलमसरपर्यंत उतार, मग सिंधूकाठची सपाटी. परतताना लेहचा शेवटचा चढ दमवतो, म्हणून दुपारच्या आत परता. दुपारनंतर या खोऱ्यात वारा सुटतो, आणि तो समोरून आला की सपाट रस्तासुद्धा घाटासारखा वाटतो. पुढच्या सगळ्या दिवशी सहाच्या सुमारास निघायचं ते यासाठी.

चौथा ते सहावा दिवस: सिंधूकाठ

लेह ते आल्ची साधारण ६५ ते ७० किलोमीटर. स्पितुकवरून महामार्गाला लागायचं, पुढे पत्थरसाहिब गुरुद्वारा. इथला चहा आणि लंगर सोडू नका. मग निम्मूच्या अलीकडे सिंधू आणि झंस्कारचा संगम, दोन रंगांचं पाणी वरून स्पष्ट दिसतं. बाजगोचा किल्ला, सासपोल आणि पूल ओलांडून आल्ची. एकूण उतार असला तरी निम्मूच्या आसपासचे चढ अंगावर येतात. हा लेह-कारगिल-श्रीनगर महामार्ग आहे आणि त्यावरून लष्कराचे ताफे जातात. ताफा दिसला की सायकलवरून उतरून डोंगराच्या बाजूला थांबा. ट्रकच्या बरोबरीने कडेकडेने चालवत राहण्यात शहाणपण नाही.

आल्चीला सकाळ द्या. तिथली मंदिरं जवळपास नऊशे वर्षांपूर्वीची आहेत आणि आतली भित्तिचित्रं काश्मिरी शैलीची. आत फोटो काढू देत नाहीत. विजेरी न्या आणि भिंतींच्या जवळ जाऊन एकेक आकृती निवांत बघा. अवलोकितेश्वराच्या धोतरावर बारीक कुंचल्याने राजवाडे, मंदिरं आणि माणसं रंगवली आहेत, ती घाईत दिसतच नाहीत. दुपारच्या वाऱ्याच्या आधी निघून निम्मूला मुक्काम.

सहाव्या दिवशी निम्मूहून झंस्कारच्या काठाने चिलिंग, साधारण २८ किलोमीटर. सगळ्या सायकलिंगमध्ये हा रस्ता मला सगळ्यात आवडतो. वाहनं कमी, दोन्ही बाजूंना उभे कडे आणि खाली मातकट पाण्याचा लोंढा. चिलिंग हे तांबट कारागिरांचं गाव. शेच्या बुद्धमूर्तीसाठी नेपाळहून आलेल्या कारागिरांचे हे वंशज, असं मानतात. इथे ठरल्याप्रमाणे लेहहून गाडी ट्रेकच्या सॅका घेऊन येईल आणि सायकली परत नेईल. ही गाडी दुकानदाराकडूनच ठरवा, म्हणजे सायकलींची जबाबदारी एकाच माणसावर राहते. पुढे झंस्कारवरचा पूल ओलांडून स्कियू. रस्ता आता स्कियूपर्यंत आणि त्याच्याही पुढे खोऱ्यात सरकला आहे, त्यामुळे सुरुवातीचा काही भाग धुळीच्या रस्त्याने चालावा लागतो. गाडीने थेट मरखा गावापर्यंत जाण्याचा सल्ला मिळेल. तो घेऊ नका. ही चालण्याची उंची तुम्हाला लागणार आहे.

सातवा ते अकरावा दिवस: मरखा

स्कियू ते मरखा गाव वीस किलोमीटरच्या वर आहे, सगळ्यात लांब दिवस. जड वाटलं तर मधे सारा गावात थांबता येतं. मग हंकरचा दिवस लांबेल. नदी ओलांडायची ती शक्यतो सकाळी. वरच्या हिमनद्यांचं पाणी दुपारी वाढतं, आणि सकाळी पोटरीला लागणारा प्रवाह चार वाजता मांडीपर्यंत येऊ शकतो. ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, तोंड वरच्या प्रवाहाकडे ठेवा, काठ्या रोवा आणि एका वेळी एकच पाय उचला.

आठव्या दिवशी हंकर, साधारण ४,००० मीटर. वाटेत कड्यावर चिकटलेला टेचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, दिसतो. दिवस लहान आहे, चढून या. हंकरहून निमालिंग एका दिवसात गाठणारे बहुतेक जण असतात, पण ती सातशे मीटरची उडी आहे. मधे ४,२५० मीटरवरच्या थाचुंगत्सेला एक रात्र काढाच. इथे गाव नाही. तंबू लागतो, तो घोडेवाल्याबरोबर आधीच ठरवावा. दिवस तीन-चार तासांत संपतो आणि उरलेल्या वेळात समोरच्या उतारांवर भरल, म्हणजे निळ्या मेंढ्या, शोधता येतात. हिमबिबट्या याच खोऱ्यात आहे. तो दिसेल ही आशा उन्हाळ्यात धरू नका, त्याचा काळ हिवाळा.

दहाव्या दिवशी निमालिंग. गवताळ पठार, मेंढपाळांची दगडी घरं आणि समोर कांग यात्सेचं ६,४०० मीटरचं शिखर. उन्हाळ्यात इथे तंबूंची छावणी असते. रात्री पाण्याची बाटली झोपायच्या पिशवीत घ्या. अकराव्या दिवशी उजाडताना निघा. कोंगमारू ला सुमारे ५,२०० मीटरवर आहे आणि छावणीपासून दीड-दोन तासांचा चढ. माथ्यावरून सिंधूचं खोरं आणि पलीकडची लडाख रांग दिसते. मग उतार: आधी घसरडा, नंतर अरुंद घळ, जिथे ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो. काठ्या लांब करा, पावलं लहान ठेवा. चोकडो किंवा शांग सुमदोला गाडी बोलावलेली असेल तर संध्याकाळी लेह.

होमस्टेत राहताना

मरखाचा जीव या घरांत आहे. रात्री सगळे स्वयंपाकघरात बसतात: मधे मोठी चूल, भिंतीवरच्या फळ्यांवर तांब्या-पितळेची भांडी ओळीने, बसायला गालिचे आणि पुढे बुटकी टेबलं. घरची अमा-ले कणकेचे छोटे गोळे अंगठ्याने दाबून वाटीसारखे करते आणि बटाटा-सलगमाच्या रश्श्यात टाकते; हे स्क्यू. बसा शेजारी, गोळे दाबायला लागा, कोणी नाही म्हणत नाही. 'जुले' म्हणून नमस्कार करायचा, मोठ्या बाईला अमा-ले, भावाला अचो-ले. लोणी-मिठाचा गुरगुर चहा पहिल्या घोटात वेगळा वाटतो, पण उंचीवर मीठ आणि स्निग्ध पदार्थ दोन्ही हवेच असतात. कप रिकामा केला की लगेच भरतात. पुरे असेल तर भरलेलाच राहू द्या.

शौचालय कोरडं असतं. त्यात पाणी ओतायचं नाही, शेजारच्या ढिगातली माती टाकायची. त्याचं पुढे शेताला खत होतं. ओले टिश्यू आणि सॅनिटरी पॅड पिशवीत घालून लेहला परत आणायचे. माणशी दर ठरलेले असतात, दोन वेळचं जेवण आणि दुपारचा डबा त्यात येतो. घासाघीस करू नका. बाटलीबंद पाण्याऐवजी उकळलेलं पाणी मागा, शंका असेल तर क्लोरीनची गोळी टाका.

उंचीचा त्रास ओळखणं

डोकेदुखी, आणि तिच्याबरोबर मळमळ, थकवा किंवा चक्कर यांपैकी काही असेल, तर तो उंचीचा त्रास आहे असंच धरा. त्या रात्री वर जायचं नाही. आराम पडला तरच पुढे. वाढला तर खाली. दोन लक्षणांवर मात्र वाट पाहायची नाही. बसल्या जागी धाप लागणं आणि खोकला, म्हणजे फुप्फुसात पाणी. माणूस असंबद्ध बोलतो किंवा एका रेषेत टाच-अंगठा जुळवून चालू शकत नाही, म्हणजे मेंदूला सूज. दोन्हींवर पहिला उपचार खाली उतरणं हाच, रात्र असली तरी. आजारी माणूस कधीच एकटा उतरवायचा नाही. लेहचं सोनम नोरबू स्मारक रुग्णालय अशा रुग्णांना सरावलेलं आहे.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ठेवा, पण त्याच्या आकड्याने घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. लेहला पहिल्या दिवशी ८५च्या आसपास आकडा दिसणं नवल नाही, आणि हात गार असला तर तो खोटा येतो. माणूस कसा दिसतो, कसा चालतो, जेवतो का, हे आधी बघा.

बारावा ते पंधरावा दिवस: खारदुंग ला

बारावा दिवस धुणं, झोप आणि सायकलची तपासणी. ब्रेकचे पॅड पुन्हा बघा.

तेराव्या दिवशी पहाटे पाचला निघा. लेह ते माथा ३९ किलोमीटर आणि जवळजवळ १,८५० मीटरचा चढ. चढ सरासरीने फार तीव्र नाही, पण तो संपतच नाही. ताशी सहा किलोमीटर हा चांगला वेग. पहिल्या तासात पाय मोकळे असल्याने जोर लावावासा वाटतो, तो आवरा. पेडलवर उभं राहायचं नाही. दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी आणि दोन दाणे, भूक लागो न लागो. साउथ पुल्लूची तपासणी चौकी साधारण २४ किलोमीटरवर, तिथे गरम चहा मिळतो. दहा वाजेपर्यंत तिथे पोहोचला नाहीत तर उरलेला चढ गाडीने करा किंवा परत फिरा. ही वेळ आदल्या रात्रीच सगळ्यांनी मान्य करून ठेवायची. म्हणूनच मागे एक गाडी हवी. चार-पाच जणांत तिचा खर्च जड होत नाही. साउथ पुल्लूच्या वर बर्फाच्या पाण्याने रस्ता उखडतो, टायरमधली हवा थोडी कमी केली तर पकड बरी मिळते.

माथ्यावरच्या पाटीने वर्षानुवर्षं १८,३८० फूट उंची मिरवली; उपग्रहाच्या मोजणीने खिंड ५,३५९ मीटरवर, म्हणजे साधारण १७,५८० फुटांवर आहे. पाटीजवळ फोटो काढा, जॅकेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे चढवा आणि वीस मिनिटांत निघा. घामेजलेलं अंग तिथे झपाट्याने गार पडतं. उतारावर ब्रेक सलग दाबून धरायचा नाही. दाबा, सोडा, पुढचा-मागचा आलटून पालटून. नॉर्थ पुल्लूपर्यंत रस्ता खडबडीत असतो. खारदुंग गाव ३,९७५ मीटरवर, माथ्यापासून ३२-३३ किलोमीटर, मुक्काम तिथेच. सप्टेंबरातल्या लडाख मॅरेथॉनमधली ७२ किलोमीटरची खारदुंग ला चॅलेंज याच गावातून लेहपर्यंत धावतात. शर्यतीचा दिवस आधी पाहून ठेवा, रस्ता त्या वेळी बंद असतो.

चौदाव्या दिवशी खालसरपर्यंत उतार, मग श्योक नदीच्या काठाने दिस्कित आणि हवं तर हुंडर. खालसरनंतर दुपारी वाळू उडवणारा वारा असतो, म्हणून अकराच्या आत दिस्कित गाठा. पंधराव्या दिवशी सायकली टपावर बांधून गाडीने लेह.

सोळावा दिवस रिकामा ठेवा. दरड कोसळून खारदुंगचा रस्ता काही तास बंद पडणं नेहमीचं आहे, आणि लेहची बहुतेक विमानं सकाळी सुटतात. हवा बिघडली तर ती रद्द होतात आणि प्रवासी दुसऱ्या दिवसावर ढकलले जातात. त्यामुळे दिल्लीहून पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर त्याच दुपारचं घेऊ नका. दोन्ही तिकिटं एकत्र काढा किंवा दिल्लीत एक रात्र धरा. सायकल परत देताना दुकानदारासमोर ब्रेक, चाकं आणि गिअर तपासून अनामत रक्कम त्याच वेळी परत घ्या, आणि उरलेल्या ट्यूब, ठिगळं, साखळीची कडी त्याच्याकडेच ठेवा. लेहमध्ये पुढच्या सायकलवाल्याला त्या हमखास लागतात.